एकतीस भाजक

१

यज्दच्या उन्हाळ्यात दुपारी दोन ते पाच या वेळात रस्त्यावर माणूस दिसला, तर तो एकतर परगावचा असतो, नाहीतर त्याच्या घरी काहीतरी वाईट घडलेलं असतं. दुकानांची शटरं खाली येतात, घराघरांतले जाड पडदे ओढले जातात आणि गच्च्यांवरचे पाण्याचे कूलर तेवढे घरघरत राहतात.

या तीन तासांत इस्फंदियार आणि मुरवारीद कधी झोपले नाहीत. बेचाळीस वर्षं एकच शिरस्ता. ती काकडी सोलून, मीठ लावून ताटलीत ठेवायची, चहाचे दोन पेले भरायची. आणि ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पेन्सिलीनं आकडे फोडायचे. ते निवृत्त गणितशिक्षक. हाताला लागेल तो आकडा घ्यायचे. टॅक्सीच्या पाटीवरचा, औषधाच्या खोक्यावरचा, कुणाच्या फोनचा.

"ही बघ, मूळसंख्या निघाली. कशानंच फुटत नाही," एकदा ते म्हणाले होते.

"कुठला आकडा?"

"तुझ्या बहिणीचा फोन नंबर. फुटेल कसा!"

पण त्यांचा लाडका आकडा एकच. साखरपुड्याच्या दिवशी, सगळी वडीलधारी मंडळी बाहेर मिठाईवर तुटून पडलेली असताना, त्यांनी तो कागदावर लिहून तिच्यापुढे सरकवला होता. त्र्याण्णव लाख त्रेसष्ट हजार पाचशे चौऱ्याऐंशी.

"याला स्वतःखेरीज एकतीस आकड्यांनी भाग जातो. एकतीस तुकडे म्हण ना. हे बघ, खाली लिहिलेत सगळे, एक, दोन, चार, असे लहानापासून मोठ्यापर्यंत. शेवटचा तुकडा बरोबर याच्या निम्मा. आता हे सगळे तुकडे मिळवले तर काय यायला हवं?"

"हाच आकडा."

"इथंच तर गंमत आहे. दुसराच येतो! चौऱ्याण्णव लाख सदतीस हजार छप्पन्न. आणि त्या दुसऱ्याचे तुकडे करून मिळवलेस, की पुन्हा हा पहिला. दोघं एकमेकांच्या तुकड्यांतून घडलेले. मित्रसंख्या म्हणतात यांना. तू आणि मी."

"म्हणजे लग्नानंतर माझे तुकडे करणार तर," ती म्हणाली होती. ती तेव्हा बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. आकडा तिला कळायचा तो तापाचा आणि तान्ह्याच्या वजनाचा. पण हा आकडा तिला पाठ झाला. बेचाळीस वर्षं तोच ऐकल्यावर भिंतीलाही पाठ झाला असता.

दोन वर्षांपूर्वी इस्फंदियार विसरायला लागले. डॉक्टरांनी नाव सांगण्याआधीच तिनं ते ओळखलं होतं.

२

यंदाच्या उन्हाळ्यात, तीर महिन्याच्या पाच तारखेला मुरवारीदला भिंतीवरच्या कॅलेंडरात पेन्सिलीचे आकडे दिसले. एक तारखेच्या चौकोनात १. दोनच्या चौकोनात २. मग ४, ८, आणि आजच्या चौकोनात १६. अक्षर इस्फंदियारांचंच, मास्तरी, ठसठशीत.

तिला बरंच वाटलं. जुन्या सवयी सगळ्यात शेवटी जातात, असं डॉक्टर म्हणाले होते.

त्या दुपारी चहा ढवळताना इस्फंदियारांनी हातातला चमचा वर धरला आणि त्याच्याकडे बघत बसले.

"याला काय म्हणतात गं?"

"चमचा."

"चमचा," ते म्हणाले. पण शब्द त्यांच्या तोंडात बसेना.

तेवढ्यात पेल्यावर चमचा आपटल्याचा आवाज आला. किण, किण, किण. इस्फंदियार साखर विरघळवताना तीनदाच ढवळायचे. मुरवारीदनं त्यांच्या हाताकडे पाहिलं. चमचा अजून हवेतच होता.

आवाज खिडकीतून आला होता. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी एका अरुंद डक्टमध्ये उघडायची, आणि समोर दीड हातावर शेजारच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघराची खिडकी. तो फ्लॅट सहा वर्षं बंद होता. मालक कॅनडात.

डक्टमध्ये आवाज कुठल्या कुठे जातो, तिनं मनाशी म्हटलं. खालच्या मजल्यावर कुणीतरी चहा पीत असेल.

३

रोज त्यांच्यातून काहीतरी जाणं सुरू झालं. अगदी बारीकसारीक. सहा तारखेला चपलेचा डावा-उजवा गेला. सात तारखेला त्यांच्या शाळेचं नाव. आठला त्यांना शिट्टी वाजवता येईना. दाढी करताना ते आयुष्यभर शीळ घालत आले होते. कॅलेंडरात ३२, ६४, १२८. मुरवारीदनं ते सारं वहीत टिपलं, वॉर्डात पेशंटचं टिपायची तसं.

आठला दुपारी डक्टमधून शीळ ऐकू आली.

ती जिन्यात आली. तळमजल्यावरच्या ताहिरे खानम बॅग घेऊन निघाल्या होत्या, लेकीच्या बाळंतपणाला इस्फहानला. बंद फ्लॅटची किल्ली त्यांच्याकडेच असायची.

"ताहिरे खानम, वर समोरच्या फ्लॅटात कुणी आलंय का?"

"कोण येणार? मालकाच्या पुतण्याला गेल्या वर्षी म्हटलं, बाबा, निदान नळ तरी बघून जा. म्हणतो, पाणीच तोडलंय, नळ काय बघायचा! का हो?"

"आवाज येतात."

"उंदीर असतील."

"उंदीर शीळ घालतात?"

ताहिरे खानमनी बॅग खाली ठेवली आणि तिचा हात धरला. "मुरवारीद खानम, रात्रंदिवस त्यांचं करता, झोप कुठं मिळते तुम्हाला? मी महिन्याभरानं येते. आल्यावर दोघी मिळून दार उघडून बघू. चालेल? आणि तोवर जेवा जरा. गालफडं बसलीत तुमची."

मुरवारीद वर आली. एक, दोन, चार, आठ... ते नुसतं दुप्पट करत चालले आहेत, एवढंच. उद्या दोनशे छप्पन्न लिहितील.

नऊ तारखेला चौकोनात १९१ होतं.

चुकले बिचारे, असं तिला आधी वाटलं. मग हातातली ताटली तिनं सावकाश ओट्यावर ठेवली. एकशे एक्क्याण्णव. साखरपुड्याच्या त्या कागदावर एकशे अठ्ठावीसच्या खाली हाच आकडा होता. ते दुप्पट करत नव्हते. आपला लाडका आकडा फोडत होते, रोज एक तुकडा. तुकडे एकतीस.

आणि तीर महिना एकतीस दिवसांचा.

४

तीरगानचा, पाण्याचा सण आला. दरवर्षीसारखे तिनं दोघांच्या मनगटांना सप्तरंगी दोरे बांधले, त्यांच्या अंगावर चार थेंब पाणी उडवलं. ते दचकले. दहा दिवसांनी, वाऱ्याच्या दिवशी, तिनं त्यांना हाताला धरून गच्चीवर नेलं, दोऱ्यांच्या गाठी सोडल्या आणि दोन्ही दोरे वाऱ्यावर सोडून दिले. रंगीत दोरे मातीच्या घुमटांवरून तरंगत दिसेनासे झाले, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं.

"घरी जाऊ या," इस्फंदियार म्हणाले.

"खालीच तर आहे घर."

"ते नाही. पलीकडचं."

तोवर तुकडे मोठे होऊ लागले होते. एकेका दिवसाला आता शब्द जात नव्हते, वर्षं जात होती. भाऊ गेला. आई गेली. बेरीज गेली. ज्या दिवशी १२,२५६ लिहिलेलं दिसलं, त्या दिवशी त्यांनी तिला विचारलं, "बाई, तुम्ही इथं कधीपासून कामाला आहात?" ती हसली आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली.

आणि डक्टमध्ये रोज दुपारी कोणीतरी अधिकाधिक येत होतं. आधी नुसती शीळ, मग खोकला, मग खुर्ची ओढायचा आवाज. चोवीस तारखेला वर्गात शिकवावं तसं बोलणं ऐकू आलं, थांबून थांबून, मुलांना लिहून घ्यायला वेळ देत. शब्द कळत नव्हते. लय कळत होती. त्या लयीवर तिनं संसार केला होता.

पंचवीस तारखेला न राहवून तिनं खिडकीची जाळी काढली आणि डोकं बाहेर घातलं. समोरची काच सहा वर्षांच्या धुळीनं आंधळी. फक्त खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा पुसलेली. त्या जागेत टेबलाची कड होती. टेबलावर एक हात. हातात पेन्सिल.

मनगटाला सप्तरंगी दोरा होता.

तिनं डोकं इतक्या घाईनं आत घेतलं की चौकटीवर कपाळ आपटलं. मागे टेबलाशी इस्फंदियार बसले होते. त्यांचे दोन्ही हात मांडीवर, मनगटं मोकळी.

झोप कमी, ऊन जास्त, वय अडुसष्ट. वॉर्डात अशा बायकांना आपण काय सांगायचो? पाणी प्या, पडून राहा. ती पाणी प्यायली. खिडकीला आतून पुठ्ठा लावला.

५

तीस तारखेच्या दुपारी तिनं त्यांचा कॅल्क्युलेटर काढला आणि कॅलेंडरातले तीसही आकडे मिळवले. चष्मा पुसून पुन्हा मिळवले. सत्तेचाळीस लाख पंचावन्न हजार दोनशे चौसष्ट.

इतके गेले. मूळ आकड्यातून ते वजा केले, तर उरले शेहेचाळीस लाख आठ हजार तीनशे वीस.

आणि उद्याचा तुकडा, शेवटचा, आकड्याच्या बरोबर निम्मा: शेहेचाळीस लाख एक्क्याऐंशी हजार सातशे ब्याण्णव.

ती बोटं टेबलावर टेकवून बसून राहिली. जेवढं उरलंय, त्यापेक्षा उद्या जास्त जायचंय. त्र्याहत्तर हजार चारशे बहात्तरनं जास्त.

साखरपुड्याच्या दिवशी तिला हे सुचलं नव्हतं. एका माणसाच्या तुकड्यांतून त्याच्याहून मोठा माणूस उभा राहणार असेल, तर तो वरचा भाग कुठून येतो?

इस्फंदियार समोर बसले होते. आता ते बोलत नसत. डोळे उघडे, नजर मऊ, तान्ह्या बाळासारखी. तिनं त्यांचं तोंड पुसलं. मग घरातल्या सगळ्या पेन्सिली, पेनं गोळा करून कचऱ्याच्या पिशवीत घातली आणि पिशवी खाली टाकून आली. एक पेन्सिल तेवढी तिच्या एप्रनच्या खिशात राहून गेली.

६

एकतीस तारखेला सकाळी चौकोन कोरा होता.

तिनं दाराला आतून कडी घातली, वर साखळी लावली. दुपारी त्यांचा हात हातात घेऊन टेबलाशी बसली. पाच वाजेपर्यंत हा हात सोडायचा नाही. अवघड बाळंतपणांत तिनं याहून जास्त वेळ हात धरले होते.

सव्वातीनला इस्फंदियार बोलले. आठवड्यात पहिल्यांदा. आवाज अगदी साधा, त्यांचाच.

"थोडं कमी पडतंय."

"काय कमी पडतंय?"

"थोडंच." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. भीक मागताना संकोचणाऱ्या सभ्य माणसासारखं पाहिलं. "तुझ्याकडे आहे?"

आजाऱ्याशी वाद घालायचा नसतो. आणि ते विचारत होते, तेही तिला, एकेरीत, इतक्या दिवसांनी.

"आहे ना," ती म्हणाली. "हवं तेवढं घ्या."

वीज गेली. कूलर थांबला. महिनाभर सतत कानात असलेली घरघर तुटली आणि घर एकाएकी एवढं मोठं वाटलं की तिनं डोळे मिटून घेतले. तिच्या मुठीत त्यांचा हात होता. गरम, कोरडा, हाडांचा.

वीज आली. तिनं डोळे उघडले. ती टेबलाशी नव्हती. कॅलेंडरासमोर उभी होती. मुठीत पेन्सिल होती. शेवटच्या चौकोनात ४६,८१,७९२ लिहिलेलं होतं. सात या आकड्याच्या कमरेत आडवी रेघ होती. इस्फंदियार तशी रेघ कधी मारत नसत. तापाच्या तक्त्यावर एक आणि सात यांत गोंधळ होऊ नये म्हणून नर्सा मारतात.

खुर्ची रिकामी होती. न्हाणीघर, झोपायची खोली, कपाटामागची फट, पलंगाखाली, सगळीकडे तिनं पाहिलं. दाराला कडी तशीच, साखळी तशीच.

दारावरची बेल वाजली.

बाहेर इस्फंदियार उभे होते. इस्त्रीचा सदरा, विंचरलेले केस.

"किल्ली विसरलो बघ," तो म्हणाला. "आणि चहा टाकतेस का? जीव गेलाय तहानेनं."

७

डॉक्टर चक्रावले. म्हणाले, क्वचित होतं असं, काही दिवस उजेड पडल्यासारखं. आशा मात्र ठेवू नका. पण उजेड विझला नाही. त्याला सगळं आठवत होतं. शाळा, भाऊ, आई, बेरीज, तिच्या पहिल्या पगाराच्या दिवशी दोघांनी खाल्लेलं आइस्क्रीम. दाढी करताना शीळ घालायचा. दुपारी पेन्सिल घेऊन बसायचा. रात्री झोपेत वळून तिच्या खांद्यावर हात टाकायचा, आणि ती अंधारात जागी राहून विचार करायची की हे सुख नाही तर काय आहे.

तिनं खिडकीचा पुठ्ठा काढला नव्हता.

आठव्या दिवशी जेवताना तो सहज म्हणाला, "तुझ्या आईनं त्या दिवशी विहिरीच्या काठावर तुझा हात इतका घट्ट धरला होता, की आठवडाभर वळ होता. नाही का?"

"कुठल्या दिवशी?"

"ताफ्तला. कनातीच्या, त्या भुयारी पाटाच्या विहिरीपाशी. तू सात वर्षांची होतीस."

तिला असं काहीच आठवेना. जेवण टाकून ती आतल्या खोलीत गेली आणि धाकट्या बहिणीला, बानूला, फोन लावला. विहिरीचं विचारलं.

"ताई, तू भावोजींना सांगितलंस?" बानू म्हणाली. "आईनं शपथ घातली होती आपल्याला. बाबांनासुद्धा मरेपर्यंत कळलं नाही, ती आपल्या दोघींना घेऊन उडी मारायला निघाली होती ते. काठावर तूच रडलीस, म्हणून फिरली ती. तू नसतीस तर आज मी... दर वर्षी आई गेली त्या तारखेला आपण दोघी त्यावर बोलतो. आणि आज विचारतेस, असं काही झालं होतं का म्हणून?"

मुरवारीदनं फोन ठेवला. मनात आईला शोधलं. चेहरा सापडला. तो दिवस असायला हवा होता, तिथं भिंतीवरची तसबीर काढल्यावर राहते तशी स्वच्छ चौकोनी जागा होती.

ती परत आली तेव्हा तो काकडीला मीठ लावत होता.

"तुम्ही कोण आहात?" ती म्हणाली.

"तुझा नवरा."

"पलीकडे कोण आहे?"

त्यानं तिच्यापुढे ताटली सरकवली. रागावला नाही, दचकला नाही. इस्फंदियारांच्याच हसऱ्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत राहिला.

"तुला ठाऊक आहे मुरवारीद. आणि परत यायची वाटही ठाऊक आहे. माझे तुकडे पंधराच. रोज एक म्हटलं तरी पंधरा दिवस. माझी बेरीज केलीस की तो परत येईल, जसा होता तसा. तुझंही तुला मिळेल." त्यानं खिशातून पेन्सिल काढून ताटलीशेजारी ठेवली. "करशील?"

जसा होता तसा. म्हणजे लंगोट. म्हणजे, बाई, तुम्ही इथं कधीपासून कामाला आहात. तिनं पेन्सिलीला हात लावला नाही.

८

त्या दुपारपासून हाक सुरू झाली.

पुठ्ठ्याआडून यायची, डक्टमधून. म्हाताऱ्या, चाचपडणाऱ्या आवाजात. "मुरवारीद." थोडा वेळ थांबून पुन्हा, "मुरवारीद." रागानं नाही. अंधारात दिव्याचं बटण शोधणाऱ्या हातासारखी. सगळं जाऊन बसलेल्या त्या माणसापाशी एवढं एकच कसं राहिलं होतं, कोण जाणे.

ताहिरे खानम इस्फहानहून परतल्या, त्याच संध्याकाळी ती खाली जाऊन किल्ली घेऊन आली. "जाऊन बघते एकदा," म्हणाली. ताहिरे खानम नातवाच्या कौतुकात होत्या. हो हो, न्या, म्हणाल्या.

किल्ली हातात घेऊन ती दोन दारांच्या मधे उभी राहिली. तिच्या मागच्या दारातून शीळ येत होती. समोरच्या दारामागून पावलं घासत आली आणि थांबली. दाराच्या पलीकडे अगदी जवळ कुणीतरी श्वास घेत होतं. औषधाचा आणि गुलाबपाण्याचा वास आला. त्यांच्या सुरकुतल्या पाठीला ती रोज गुलाबपाणी लावायची.

कुलपात किल्ली गेली. फिरवायची तेवढी राहिली होती.

पुन्हा लंगोट. पुन्हा न्हाणीघरात नळ सोडून रडणं. आणि एक दिवस त्यांना पुरणं.

तिनं किल्ली काढून घेतली आणि आपल्या घरात येऊन दार लावलं. त्यानं चहाचा पेला तिच्याकडे सरकवला.

दोन दिवसांनी हाक "मुरवा" एवढीच येऊ लागली. आणखी चार दिवसांनी नुसती "मुर". तिला रोज दुपारी घड्याळाकडे बघत बसायची सवय लागली, आणि एका दुपारी तिच्या ध्यानात आलं की ती वाट बघतेय. तेवढंही त्यांच्यातून कधी जातं, याची.

त्याच दुपारी ताहिरे खानम किल्ली मागायला वर आल्या. मालकाचा पुतण्या फ्लॅट विकायला काढणार होता. दोघी जिन्यात उभ्या राहिल्या.

"गेला होतात का आत? काय होतं?"

"काही नाही," मुरवारीद म्हणाली. "धूळ."

"मी म्हटलंच होतं. आणि तुमचे आगा कसे झालेत बघा! देवाची करणी. काल मला जिन्यात..."

बोलता बोलता ताहिरे खानम थबकल्या. बंद दाराकडे मान वळवली. कपाळावर बारीक आठी पडली.

"मुरवारीद खानम, कुणी हाक मारली का हो तुम्हाला?"

मुरवारीदनं किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं तिच्यावर एकेक करून मिटवली.

"नाही," ती म्हणाली.